‘सर्व्हिस म्हणजे फेक’ : टेनिस प्रशिक्षणातील एका सूत्राची चिकित्सा (विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

बीजशब्द : टेनिस, सर्व्हिस, फेक, टॉस, ग्रामीण क्रीडा, मुलींचे शारीरिक शिक्षण

१. प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, तलाव आणि जंगल ही या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची ओळख आहे. अशा ग्रामीण व वनव्याप्त भागात कबड्डी, खो-खो यांसारखे खेळ मोकळ्या मैदानावर सहज रुजतात. टेनिस मात्र आखलेले कोर्ट, जाळी, रॅकेट, चेंडू आणि जाणता प्रशिक्षक या सर्वांची एकाच वेळी मागणी करतो. सालेकसा किंवा देवरीसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्याला हे सर्व एकत्र मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

या पार्श्वभूमीवर टेनिस प्रशिक्षणातील एक रूढ सूत्र विशेष आकर्षक वाटते. ‘सर्व्हिस म्हणजे फेक, ज्याला चेंडू चांगला फेकता येतो, त्याला सर्व्हिस चांगली करता येते’ असे ते सूत्र आहे. सर्व्हिस हा टेनिसमधील एकमेव फटका असा आहे की, तो प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवर अवलंबून नसतो. त्यामुळे त्याचा सराव एकट्याने करता येतो. फेकीच्या सरावाला तर रॅकेटचीही गरज नाही. साधनांची उणीव असलेल्या जिल्ह्यात असे सूत्र चटकन स्वीकारले जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ते तपासून घेणेही अगत्याचे ठरते. हे सूत्र कोठवर खरे आहे, कोठे दिशाभूल करते आणि कोणाला वगळते, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

२. सूत्रातील सत्यांश

वरवर पाहता सर्व्हिस हे हाताचे काम वाटते. वस्तुतः तिचा आरंभ पायांपासून होतो. पाय जमिनीला रेटतात, गुडघे सरळ होतात, कंबर वळते, धड तिच्यामागोमाग वळते, खांदा पुढे येतो, कोपर उलगडते आणि सर्वांत शेवटी दंड आतल्या बाजूस झपाट्याने फिरून मनगट पुढे झुकते. प्रत्येक अवयव आपली गती पुढच्या अवयवाला देतो. जैवयांत्रिकीच्या अभ्यासकांनी या क्रमाला गतिशृंखला म्हटले आहे. चेंडू दूर फेकतानाही शरीर साधारणतः याच क्रमाने काम करते.

ब्रूस एलियट, मार्शल व नॉफल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवान सर्व्हिसचे विश्लेषण आहे. चेंडूशी संपर्क होताना रॅकेटला जो पुढचा वेग मिळतो, त्यात दंडाच्या आतल्या बाजूस होणाऱ्या परिभ्रमणाचा वाटा सुमारे ५४ टक्के आणि मनगटाच्या झुकण्याचा वाटा सुमारे ३१ टक्के असल्याचे त्यांना आढळले. दंडाचे हे परिभ्रमण हीच चांगल्या फेकीचीही खूण आहे. ज्याच्या फेकीत ते नाही, तो केवळ कोपर सरळ करून चेंडू ढकलतो. आणि ज्याची फेक ढकलण्यासारखी आहे, त्याची सर्व्हिसही बहुधा तशीच होते. येथपर्यंत सूत्र खरे आहे.

३. फेक कोणती?

सूत्राचा पहिला दोष असा की, ‘फेक’ हा शब्द ते एकवचनी समजते. मराठी भाषा याबाबत अधिक सावध आहे. वस्तू टाकणे, उडवणे, फेकणे आणि भिरकावणे या चार क्रिया मराठी माणूस एक मानत नाही. गोफणीतला दगड भिरकावला जातो, झेलण्यासाठी चेंडू उडवला जातो आणि यष्टीवर तो फेकला जातो. सर्व्हिसला यांपैकी कोणती क्रिया जवळची, हा प्रश्न सूत्र विचारतच नाही.

ग्रामीण मुलाला सर्वाधिक परिचित असलेली फेक क्रिकेटमधील आहे. धावबाद करण्यासाठी चेंडू यष्टीच्या दिशेने सपाट मारला जातो. हीच सवय सर्व्हिसमध्ये आली तर काय घडते, हे कोर्टाच्या मोजमापांवरूनच दिसते. बेसलाइनपासून जाळी ११.८८५ मीटर अंतरावर असते, मध्यभागी जाळीची उंची ०.९१४ मीटर असते आणि जाळीपलीकडील सर्व्हिस बॉक्सची लांबी ६.४० मीटर असते. चेंडू अगदी सरळ रेषेत जातो असे क्षणभर मानले, तर मध्यरेषेलगत जाळीच्या काठावरून जाऊन सर्व्हिस रेषेच्या आत पडण्यासाठी तो किमान २.६१ मीटर उंचीवरून मारावा लागेल. चेंडूशी संपर्क साधारणतः खेळाडूच्या उंचीच्या दीडपट उंचीवर होतो. १.५५ मीटर उंचीच्या मुलीच्या बाबतीत ही उंची सुमारे २.३ मीटर भरते. तिने सरळ रेषेत मारलेला चेंडू जाळीला चाटून गेला, तरी सर्व्हिस रेषेच्या जवळपास दीड मीटर पलीकडे पडेल. त्याहून खाली मारला तर तो जाळीत जाईल.

तात्पर्य, अशा खेळाडूची सर्व्हिस कोर्टात पडते ती गुरुत्वाकर्षण आणि चेंडूची फिरकी यांच्या साहाय्याने. त्यासाठी रॅकेटने खालून वर जात चेंडू गाठावा लागतो. म्हणून सर्व्हिसला पूरक ठरणारी फेक सपाट नसून उंच, चढत्या कोनातली असली पाहिजे. दिशेच्या दृष्टीने ती यष्टीवरील फेकीपेक्षा भालाफेकीला जवळची आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर फेकीने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवल्यानंतर भालाफेक घरोघरी पोहोचली. भाला हाताबाहेर पडताना खेळाडूची छाती व नजर कोठे असते, हे आता विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. ‘फेका’ असे न सांगता ‘वर फेका’ असे सांगितले, तरी या सूत्रातील अर्धी चूक दुरुस्त होते.

४. पकड आणि टॉस : फेक जे शिकवत नाही

दुसरा दोष पकडीसंबंधी आहे. पोळी उलटताना उलथने धरावे तशी रॅकेट धरण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. या पकडीत रॅकेटचा चेहरा आधीच चेंडूकडे वळलेला असतो. अशा वेळी उजव्या हाताच्या खेळाडूने चांगल्या फेकीप्रमाणे दंड आत फिरवला, तर चेंडू उजवीकडे जातो. दोन-चार चेंडू असे गेले की खेळाडू न सांगता ते परिभ्रमणच थांबवतो आणि चेंडू ढकलू लागतो. फेक उत्तम असलेला विद्यार्थी सर्व्हिसमध्ये दुबळा का ठरतो, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. कुऱ्हाडीचा दांडा धरावा तशी, म्हणजे कॉन्टिनेन्टल पकड घेतली की तेच परिभ्रमण रॅकेटचा चेहरा ऐन वेळी चेंडूसमोर आणते. फेकीचे कौशल्य सर्व्हिसमध्ये उतरण्याचा मार्ग या पकडीतून जातो. सूत्रात मात्र पकडीचा उल्लेखही नाही.

तिसरा दोष टॉसविषयी आहे. फेकताना चेंडू हातातच असतो. तो केव्हा सोडायचा हे फेकणारा ठरवतो. सर्व्हिसमध्ये चेंडू दुसऱ्या हाताने हवेत नेलेला असतो आणि त्याला योग्य क्षणी गाठावे लागते. विटीदांडूत विटी आधी उडवावी लागते आणि मग तिला टोला द्यावा लागतो. उडवणे बिघडले की टोलाही बिघडतो. सर्व्हिसचे हे अंग फेकीपेक्षा विटीदांडूला जवळचे आहे. फरक एवढाच की, विटीवरचा टोला कमरेच्या आसपास बसतो, तर सर्व्हिसमध्ये चेंडू डोक्यावर हात पूर्ण उंचावून गाठायचा असतो. टॉससाठी ‘चेंडू वर फेका’ असे सांगणेही घातक आहे. तसे सांगताच विद्यार्थी मनगट व कोपर झटकतो आणि चेंडू भरकटतो. हात खांद्यापासून सरळ उचलून चेंडू हवेत ‘ठेवणे’ हे या क्रियेचे यथार्थ वर्णन होय. टॉस बिघडल्यास रॅकेट न चालवता चेंडू झेलून पुन्हा टॉस करण्याची मुभा खेळाचे नियमच देतात. या सवलतीचा उपयोग करण्यास विद्यार्थ्यांना क्वचितच शिकवले जाते.

मॅचर रीड, जॉर्जिया गिब्लिन व डेव्हिड व्हाइटसाइड यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. फेक आणि सर्व्हिस खरोखर किती सारख्या आहेत, हाच प्रश्न त्यांनी विकासाच्या तीन टप्प्यांवरील महिला टेनिसपटूंच्या हालचाली मोजून तपासला. दोन्ही क्रियांच्या पूर्वतयारीच्या टप्प्यात त्यांना सातत्याने फरक दिसून आला. फेकीचा सराव म्हणजे सर्व्हिसचा सराव असे सरसकट समीकरण मांडणे त्यामुळे कठीण होते. फेक ही सर्व्हिसची पूर्वतयारी होऊ शकते. सर्व्हिसची जागा ती घेऊ शकत नाही.

५. फेकण्याची संधी कोणाला?

चौथा दोष तंत्राचा नसून सामाजिक आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘ज्याला फेकता येते’ असे म्हणताना हे सूत्र विद्यार्थ्याच्या बालपणी फेकीचा पुरेसा अनुभव जमा झाला आहे असे गृहीत धरते. चिंचा-आंबे पाडणे, तलावाच्या पाण्यावर चपटे दगड उडवणे, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू परत करणे या गोष्टी मुलगे वर्षानुवर्षे करतात. तेवढ्याच वयाच्या मुलींना त्यासाठी वेळही मिळत नाही आणि मोकळीकही मिळत नाही. पुढे महाविद्यालयात हीच मुलगी सर्व्हिस करताना चेंडू ढकलू लागली की ‘हातात जोर नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

गोंदिया जिल्ह्यात तरी हा निष्कर्ष टिकणारा नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या हातांना जोराची वाण नसते. उणीव असते ती अवयवांच्या क्रमाची, आणि तो क्रम सरावाने येतो.

थॉमस व फ्रेंच यांनी १९८५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बालवयात बहुतेक शारीरिक कौशल्यांत मुलगे व मुली यांच्यातील फरक मर्यादित असतो, फेकीत मात्र तो लहान वयापासूनच मोठा असतो, असे त्यांनी दाखवले. हा फरक निव्वळ निसर्गदत्त मानावा काय? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या फेकीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे मुलींनाही फेकीची परंपरा लाभली आहे, तेथे हा फरक अमेरिकेतील मुलांमधील फरकापेक्षा कमी आढळला. तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही. म्हणजे शरीरभेदाचा वाटा नाकारता येत नसला, तरी संधीचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिक्षकाच्या हातात असतो तो हाच दुसरा वाटा.

महाराष्ट्राच्या टेनिसमध्ये मुलींनी काय साधले, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी सानिया मिर्झा यांच्या साथीने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णा यांच्या साथीने २०२३ मध्ये हांगझोऊ येथे मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. महानगराबाहेरील मुलीसाठी टेनिस हे क्षेत्र बंद नाही, एवढे तरी बार्शीच्या उदाहरणावरून म्हणता येते.

६. सुधारित सूत्राचे उपयोजन

वरील चिकित्सेनंतर हे सूत्र टाकून देण्याचे कारण उरत नाही. ते दुरुस्त करून वापरता येते. दोन झाडांना सुमारे एक मीटर उंचीवर दोरी बांधली की जाळीचे काम भागते. तिच्यापासून बारा मीटरवर आणि पलीकडे साडेसहा मीटरवर चुन्याने रेषा आखता येतात. विद्यार्थ्याने प्रथम जवळून आणि मग एकेक पाऊल मागे सरत चेंडू उंच कमानीत दोरीपलीकडील चौकटीत फेकावा. चेंडू टेनिसचाच असावा. त्याचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते, तर मोठ्यांच्या क्रिकेटच्या चेंडूचे वजन जवळपास पावणेतीन पट भरते. वाढत्या वयाच्या खांद्यावर तो भार वारंवार टाकणे इष्ट नाही. जुन्या मोज्यात चेंडू घालून, मोज्याचे टोक धरून फेकल्यास हाताची लांबी वाढल्याचा, म्हणजेच रॅकेटसारखा अनुभव येतो. गोफणीचे तत्त्वही हेच आहे. मात्र गोफणीतून दगड सुटून जातो, तर रॅकेट हातातच राहते आणि तिच्या वजनाला फटक्यानंतर आवरावे लागते. म्हणून फेकीपाठोपाठ त्याच तासिकेत कुऱ्हाडीच्या पकडीने रॅकेट हाती देणे आणि टॉसचा स्वतंत्र सराव घेणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ पासून पुरस्कारलेले संथ गतीचे चेंडू या टप्प्यावर उपयुक्त ठरतात.

फेकीच्या या सरावात मुलींना मुलांइतकीच नव्हे, तर आरंभी अधिक आवर्तने मिळाली पाहिजेत. मागे राहिलेला अनुभव भरून काढायचा असेल, तर समान वेळापत्रक पुरेसे नाही.

७. समारोप

‘सर्व्हिस म्हणजे फेक’ हे सूत्र गतिशृंखलेच्या बाबतीत खरे, दिशेच्या बाबतीत अपुरे, पकड व टॉस यांच्या बाबतीत मौन आणि संधीच्या बाबतीत अन्यायकारक आहे. उंच फेक, योग्य पकड, हवेत ठेवलेला टॉस आणि सर्वांना मिळालेला पुरेसा सराव यांची जोड दिली, तर गोंदियासारख्या जिल्ह्यात कोर्ट नसतानाही सर्व्हिसचा पाया घालता येईल. मात्र कोर्टाची गरज त्यामुळे संपत नाही. मोकळ्या मैदानात पाया घातलेल्या विद्यार्थ्यासाठी ती अधिक निकडीची होते. आणि एखाद्या विद्यार्थिनीची सर्व्हिस जाळीपलीकडे जात नसेल, तर तिच्या हातातील जोराविषयी मत बनवण्यापूर्वी आजवर तिला किती वेळा चेंडू फेकू दिला गेला, याची चौकशी शिक्षकाने आधी केली पाहिजे.