आजचे केळी भाव रावेर

चार शब्द. क्रियापद नाही, प्रत्यय जेमतेम एक, शेवटी प्रश्नचिन्हही नाही. ही ओळ कुठल्या संग्रहात छापलेली नाही. गुगलच्या पांढऱ्या चौकटीत ती अंगठ्याने लिहिली जाते आणि उत्तर दिसले की पुसली जाते. रसग्रहणाला कवी लागतो म्हणतात. इथे कवी म्हणजे बागेच्या बांधावर फोन घेऊन उभा असलेला कुणीही. मराठीत ब्लॉग लिहून ‘आपलं कुणी वाचत नाही’ म्हणून कुढणाऱ्याने एसईओची, म्हणजे गुगलमध्ये वर दिसण्याच्या विद्येची, शिकवणी लावण्याआधी ही ओळ एकदा मन लावून वाचावी, असे मला फार दिवस वाटते आहे.

आधी ती मोठ्याने म्हणून पाहा. एसटी स्टँडवरच्या कंडक्टरची आठवण होते. ‘सावदा, फैजपूर, भुसावळ’ एवढेच तो ओरडतो. गाडी कुठे जाते, कोण बसणार, हे सांगण्यात तो श्वास घालवत नाही. ज्याला जायचे आहे त्याचे कान आपापल्या गावाच्या नावावर टवकारलेले असतात. हाळीचे व्याकरण असेच असते, ते ऐकणाऱ्याच्या गरजेने पुरे होते. या ओळीत मात्र बाजू उलटल्या आहेत. हाळी देतो आहे तो गिऱ्हाईक, आणि कान द्यायचा आहे तो लिहिणाऱ्याने.

पहिला शब्द ‘आजचे’. खान्देशात केळी विकणाऱ्याला कालचा भाव उपयोगाचा नाही. सोने तिजोरीत थांबते, कापूस घरात महिना-दोन महिने ठेवता येतो. घड एकदा तयार झाला की तो झाडावर वाट पाहत बसत नाही, आणि कापला की त्याहून नाही. व्यापाऱ्याची माणसे कापणीला येणार, गाडी भरणार, माल दिल्लीकडे निघणार. या सगळ्याच्या आधीची जी एक सकाळ असते, तिच्यातला हा शब्द आहे. म्हणून तो ओळीच्या अगदी तोंडाशी आला आहे.

आणि तो ‘आजचा’ नाही, ‘आजचे’ आहे. ‘भाव’ शब्दाचे अनेकवचन भावच, त्यामुळे एक भाव हवा की अनेक, हे या एकाराच्या मात्रेवरूनच कळते. विचारणाऱ्याला ठाऊक आहे की भाव एक नसतो. नव्या लागवडीच्या नवतीचा वेगळा, जुन्या खोडाच्या पिलावर घेतलेल्या पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा. शिवाय राज्याची सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर. तिथल्या मंडीतला लिलाव कुठवर चढला यावरही रावेरचा शेतकरी डोळा ठेवून असतो. एवढे सगळे त्या एका मात्रेत आहे. एखाद्या कवीने हे मुद्दाम केले असते तर आपण त्याच्या शब्दकळेवर व्याख्यान दिले असते.

दुसरा शब्द ‘केळी’, आणि माझा सगळ्यात आवडता. फळ एक असेल तर केळे, अनेक असतील तर केळी. त्यांचे सामान्यरूप ‘केळ्यां-’. म्हणूनच पुण्यातली गृहिणी ‘केळ्यांचा काय भाव’ असे डझनाला विचारते, आणि तिचे व्याकरण बिनचूक असते. रावेर-यावलकडे मात्र ‘केळीचा भाव’ असतो, क्विंटलला. तिथे केळी म्हणजे टोपलीतली फळे नव्हेत, ते पीक आहे, ‘ज्वारीचा’ किंवा ‘कपाशीचा’ म्हणावे तसे. ‘केळ्यांचे आजचे भाव’ असे शीर्षक देणारा लेखक शुद्धलेखनात पहिला येईल आणि पहिल्याच शब्दात ओळखू येईल, की हा खाणारा आहे, पिकवणारा नाही. कीवर्ड, कीवर्ड म्हणून जो घोष चालतो त्याचा खरा अर्थ मला इथे उमगला. कीवर्ड म्हणजे शब्द वापरणाऱ्याची जागा. तो त्या वस्तूच्या कुठल्या बाजूला उभा आहे, याची खूण.

यात आणखी एक गंमत आहे. ही ओळ लिहिणारा माणूस घरात ‘केळी’ म्हणतच नाही. खान्देशी जिभेवर ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा डोया होतो, शाळा शाया होते, केळी केयी होते. धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा ‘केयीना भाव काय शे?’ म्हणेल, यावल-रावेरकडचा लेवा बोलीत ‘केयीचा’ म्हणेल. 2011च्या जनगणनेत खान्देशी ही आपली भाषा म्हणून नोंदवणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते. पण चौकटीत लिहिताना ही बोली दाराबाहेर चपला काढून ठेवते आणि ‘केळी’ होऊन आत येते. यंत्रासमोर माणूस कचेरीत बोलतो तसे बोलतो. त्यामुळे या चार शब्दांखाली आणखी चार शब्द दबलेले आहेत, आणि चांगल्या लेखाला दोन्ही ऐकू यावे लागतात. शीर्षक ‘केळी’चे असावे, पण आतल्या मजकुरात एखाद्या बागाईतदाराचे बोलणे त्याच्या बोलीत आले, तर वाचणारा थांबतो. शोधून आलेल्या वाचकाला थांबवणे हे निम्मे काम आहे, आणि ते कुठल्याही प्लगइनने होत नाही.

‘भाव’वर मी फार रेंगाळणार नाही, रस आणि भाव यांची कोटी कुणालाही सुचेल. एवढेच की ओळीत ‘दर’ नाही. दर वर्तमानपत्राचा, दर परिपत्रकाचा. भाव मिळतो, भाव पडतो, भाव खातो. शेतकरी ज्या शब्दाने रडतो आणि ज्या शब्दाने पेढे वाटतो, तोच तो चौकटीत लिहितो.

शेवटी ‘रावेर’. प्रत्यय गळून गेला आहे. रावेरचे नाही, रावेरला नाही. मराठी लेखकाने इथे जरा हिशेब करावा, कारण आपली गावे प्रत्यय लागला की रूप बदलतात. धुळे हे धुळ्यात होते, चोपडा चोपड्यात, सावदा सावद्याला. शिरपूरचा तर दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो, शिरपुरात. आपण रीतीने ‘धुळ्यातील पाच जुनी भोजनालये’ असे शीर्षक देतो. शोधणारा ‘धुळे जेवण’ असे लिहितो. यंत्रे आता यातले बरेच ओळखतात, पूर्वी फार गोंधळायची. तरी शीर्षकात किंवा पहिल्या दोन वाक्यांत गावाचे उघडे नाव एकदा येऊ द्यावे. ‘धुळे’ हे धुळ्याचे नाव त्याच्याच लेखात एकदाही नसावे, हे यंत्राचे सोडा, माणसालाही बरे दिसत नाही.

मी केळीवर पहिल्यांदा लिहिले तेव्हा शीर्षक दिले होते ‘पिवळ्या सोन्याची गाथा’. लिहून झाल्यावर स्वतःच्याच पाठीवर थाप मारली होती. पुढे ध्यानात आले की पिवळे सोने म्हटल्यावर निम्म्यांना हळद आठवते, आणि जळगावचा माणूस असेल तर त्याला खरेच सोने आठवते. तिथल्या सराफ बाजारामुळेच तर गावाला सुवर्णनगरी म्हणतात. केळीचा भाव शोधत कुणी माझ्या गाथेच्या वाटेला गेला नाही. ते शीर्षक वाचकासाठी नव्हतेच, ते माझ्या हौसेसाठी होते. नंतर त्याच मजकुराला मी ‘रावेरची केळी: भाव कोण ठरवतो, कसा ठरतो’ असे नाव दिले. रूक्ष आहे, मान्य. पण ते त्या चार शब्दांना ओ देते.

यावर साहित्यिक मित्र नाक मुरडतात, म्हणतात, ‘म्हणजे आता यंत्राला आवडेल असे लिहायचे का?’ त्यांना मी धुळ्याला नेऊ इच्छितो. इतिहासाचार्य राजवाडे 1926च्या 31 डिसेंबरला तिथेच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. गावोगाव फिरून, वाड्यांचे माळे पालथे घालून त्यांनी कागद जमवले. जुनी दप्तरे रुमालात बांधलेली असतात. आत काय आहे हे रुमालावरच्या चिठ्ठीने सांगितले नाही, तर प्रत्येक संशोधकाला प्रत्येक गाठ सोडत बसावे लागेल. चिठ्ठी लिहिणारा तिथे प्रतिभा दाखवत नाही. गाव, साल, घराण्याचे नाव लिहितो, आणि आतला कागद आपल्या तेजाने बोलू देतो. शीर्षक म्हणजे रुमालावरची चिठ्ठी. तिच्यावर यमक जुळवणारा कारकून कुणी ठेवेल का?

मजकूर सापडण्याआड येणारी आणखी एक अडचण खास आपल्या घरची आहे. कितीतरी वर्षे आपण मराठी संगणकावर लिहीत होतो ती शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत. पडद्यावर ‘केळी’ दिसे. पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षरांची नि चिन्हांची भेळ असे. युनिकोड 1991पासून होते, आपल्या डीटीपीच्या दुकानांत ते यायला फार उशीर झाला. त्या काळात जिल्ह्याच्या पत्रांतून केळीवर, कपाशीवर, तापीच्या पाण्यावर लिहिलेले किती चांगले मजकूर वेबसाइटवर चढले आणि कुणालाही न सापडता पडून राहिले असतील! आता फाँटची जागा फोटोने घेतली आहे. भावाचा फलक कुणी खडूने लिहितो, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरतो, दुपारपर्यंत शिळा होतो. पण उद्या कुणी ‘गेल्या श्रावणात काय भाव होता’ म्हणून शोधेल, तर तो फोटो सहसा हाती लागत नाही. ज्याला खान्देशावर ब्लॉग चालवायचा आहे त्याला मी एकच उद्योग सुचवीन. हे फलक रोज अक्षरांत उतरवून ठेवावेत, तारखेसह. वर्षभराने त्याच्याकडे असे काही असेल जे दुसऱ्या कुणाकडे नाही.

याच ओळीवर धंदा करणारे दुसरेही आहेत. शीर्षकात ‘आजचे केळी भाव रावेर’ अक्षरशः तसेच छापतात, आणि उघडल्यावर पहिला परिच्छेद असतो: केळी हे एक पौष्टिक फळ आहे. दुसरा: केळीत पोटॅशियम असते. बांधावरच्या माणसाला पोटॅशियम सांगतात! मग ‘केळी भाव’ हे दोन शब्द तीस वेळा, आणि तळाशी आकडा असलाच तर परवाचा. पूर्वी तर पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द दडवून ठेवायची चाल होती, म्हणजे यंत्र वाचील आणि माणसाला दिसणार नाही. गुगलने 2011मध्ये पांडा नावाचा बदल करून असली पोकळ पाने खाली ढकलायला सुरुवात केली, तेव्हापासून हा उंदीर-मांजराचा खेळ चालूच आहे. मला राग येतो तो लबाडीपेक्षा ‘आजचे’ या शब्दाच्या विटंबनेचा. चार शब्दांतला सगळ्यात जिवंत शब्द तो, आणि त्यालाच खोटे पाडतात.

वर येण्याचा दुसरा रस्ता आहे तो दुव्यांचा. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998मध्ये मांडलेली कल्पना मुळात साधी होती. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत किती, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे. मराठीत लिंकला आपण दुवा म्हणतो, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. या योगायोगाने मला जळगावजवळचे आसोदे आठवते. तिथे 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात जे सुचे ते त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकांनी ते वहीत उतरवून ठेवले. डिसेंबर 1951मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली, त्यांच्या बोलीसकट. ती प्रस्तावना हा मराठीतला सर्वांत मोठा दुवा असावा, असे मी गमतीने म्हणतो. पण वहीत दम नसता तर अत्र्यांच्या वजनानेही ती इतकी वर्षे वर राहिली नसती. हल्ली शेकड्याने दुवे विकत मिळतात म्हणे. ते घेणाऱ्यांच्या वहीत काय असते, ते मी पाहिले आहे. पोटॅशियम.

आता पुन्हा बांधावर. त्या माणसाला भाव सापडला आहे, चांगला की वाईट ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. कापणीची माणसे बांधाच्या पलीकडे टेम्पो लावून चहा पीत उभी आहेत. तो पुन्हा चौकट उघडतो, चार शब्द पुसतो, एकदा सातपुड्याकडे मान वर करून पाहतो आणि दुसरी ओळ लिहितो. याही ओळीत क्रियापद नाही: उद्या पाऊस रावेर.