खुलं, पण कुणाला?

मे महिन्यात मालवणला घरून काम करता करता खुल्या संशोधनाचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं. तिथे २००२चा बुडापेस्ट जाहीरनामा वाचला. शोधनिबंध सगळ्यांना फुकट वाचता यावेत, ही मागणी पटली. पण त्यात अडथळे मोजलेत ते आर्थिक, कायदेशीर आणि तांत्रिक. भाषेचा नाहीच.

आमचं सागरी अभयारण्य १९८७चं. त्यावरचा एक खुला निबंध मी मासेमारी करणाऱ्या काकांना फोनवर दाखवला. इंग्रजी बघून म्हणाले, "आमच्याच दर्याचा मां ह्या? मगे आमका कळात असा कित्याक लिवूक नाय?"

कोड खुला केला, पण तो वापरायचा कसा हे लिहिलं नाही, तर आम्ही इंजिनीअर ते काम अपुरं मानतो. मग निबंधासोबत पानभर मराठी सारांश मागणं जास्त आहे का?