सह्याद्रीची पायवाट, पण झाडं आली कुठून?

बऱ्याच वनस्पती उद्यानांत ‘स्थानिक जंगल’ म्हणून एक वेगळी पायवाट असते. अशीच एक पायवाट अलीकडे नीट वाचली. हो, वाचलीच, शोधनिबंध वाचतो तशी. उद्यानाचं नाव देत नाही, कारण पुढचं म्हणणं त्या एकाच उद्यानाबद्दल नाही. प्रश्न एवढाच: हे जंगल पुरावा म्हणून वापरता येईल का?

आधी जमेची बाजू. झाडांची निवड चांगली आहे. गुलमोहर नाही, रेन ट्री नाही. अंजनी, हिरडा, कोकम, नरक्या, कारवी अशी सगळी सह्याद्रीतलीच मंडळी. पाटीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कुळ आहे. झाडं ओळखायला शिकायचं असेल तर इथला एक तास वर्गातल्या चार तासांच्या तोडीचा आहे.

अडचण आहे ती पाटीवर जे नाही त्याची. रोप किंवा बी कुठल्या जंगलातून आलं? कोणत्या वर्षी? बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक असतो तो नोंदींचा. जगभरातली उद्यानं प्रत्येक झाडाला नोंदणी क्रमांक देतात आणि त्याचं मूळ चार वर्गांत लिहून ठेवतात: थेट जंगलातून आणलेलं, जंगली झाडापासून लागवडीत वाढवलेलं, नुसतंच लागवडीतलं आणि ‘माहीत नाही’.

याने काय बिघडतं? नरक्याचं उदाहरण घ्या. यात कॅम्प्टोथेसिन असतं, हे १९७२ साली प्रसिद्ध झालं. त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं बनतात. मागणी वाढली आणि सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण झाडागणिक आणि जागेगणिक बदलतं. आता समजा तुम्ही उद्यानातल्या एका झाडाची पानं नेली, अर्क काढला आणि शीर्षकात ‘सह्याद्रीतील नरक्या’ असं लिहिलं. कुठला सह्याद्री? महाबळेश्वर, कोयना की रोपवाटिका? परीक्षकाने हे विचारलं तर उत्तर नाही. हर्बेरियमचा नमुना जोडला तरी झाड नरक्याचं आहे एवढंच सिद्ध होतं, ते कुठलं आहे हे नाही.

कोकमाची गोष्ट आणखी गमतीची. जात स्थानिक, पण समोरचं झाड ‘कोकण अमृता’ या निवडलेल्या वाणाचं कलमही असू शकतं. म्हणजे स्थानिक असूनही रानातलं नाही. शिवाय कोकमात नर आणि मादी झाडं सहसा वेगळी असतात. एकच झाड लावलं तर जात दाखवली असं म्हणता येईल, जपली असं नाही.

कारवीचं वेळापत्रक तर सगळं नोंदीवरच चालतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. सगळीकडची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. बी कुठलं आणि उगवलं कधी हे माहीत असेल तर ती झुडपं म्हणजे आठ वर्षांचा चालू प्रयोग. नसेल तर नुसती हिरवळ.

यावर कुणी म्हणेल, ‘एवढं सगळं पाटीवर कसं मावणार?’ मावायची गरजच नाही. पाटीवर फक्त नोंदणी क्रमांक हवा, बाकी माहिती कार्यालयातल्या नोंदवहीत. खर्च जवळपास शून्य. नवीन झाडांपासून सुरुवात केली तरी दहा वर्षांत चित्र बदलेल.

तोवर आपण काय करायचं? ओळख, पालवी-फुलोऱ्याच्या नोंदी, पद्धतीचा सराव यांसाठी ही पायवाट जरूर वापरा. पण निष्कर्ष जंगलाबद्दल काढायचा असेल तर पान तोडण्याआधी नोंदवही मागा. ती नसेल तर वनविभागाची परवानगी काढा, जंगलात जा आणि एका नाही, अनेक झाडांचे नमुने घ्या. आणि नाइलाजाने उद्यानातलंच झाड वापरलं, तर प्रबंधाच्या पद्धती विभागात स्पष्ट लिहा: ‘उद्यानातील एक झाड, मूळ ठिकाण अज्ञात.’ हे लिहायला संकोच वाटत असेल, तर विषय नक्की करतानाच गाइडशी यावर बोला.