ठोसा आणि दगड

मी समीक्षक नव्हे. सवड मिळेल तेव्हा तिकीट काढणारा साधा प्रेक्षक आहे. मारामारीच्या चित्रपटाला टाळ्या पिटणाऱ्या आमच्या माणसाला पांढरपेशे समीक्षक अडाणी ठरवतात. ते मला मान्य नाही. १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदीतला हमाल विजय हप्ता नाकारतो, गुंडांच्याच गोदामात त्यांची वाट पाहत बसतो, दाराला आतून कुलूप घालतो आणि एकटा साऱ्यांना लोळवतो. दिवसभर मुकादमाची शिवी गिळलेल्या माणसाला हा ठोसा आपला वाटला, तर त्यात अडाणीपणा कसला?

माझी तक्रार वेगळी आहे. विजयच्या अपमानाला कारण आहे: धाकापायी सही केलेल्या बापाची बदनामी. आमच्या अपमानाला असे काही घडावे लागत नाही, जन्म पुरतो. पडद्यावरचा ठोसा खलनायकाला लागतो, गावाला लागत नाही. म्हणून आम्ही तीन तास जिंकतो आणि बाहेर येऊन होतो तिथेच उभे राहतो.

नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त जब्याचे कुटुंब डुक्कर धरते आणि गाव त्याची मजा पाहते. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच ही माणसे जागच्या जागी थांबतात, डुक्कर निसटते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. तिथे टाळी वाजत नाही.

मला ठोसाही हवा, दगडही हवा. फक्त ठोसा मारणाऱ्याचा पत्ता गावकुसाबाहेरचा असू द्या.