‘एकच प्याला’ आणि मात्रेचा हिशोब

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचें नांव हाच त्याचा सिद्धान्त आहे. १९१९ च्या जानेवारींत गडकरी निवर्तले व त्यानंतर त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. तेव्हांपासून सुधाकराचा पहिला प्याला हेंच त्याच्या सर्वनाशाचें मूळ, असें आपण मानीत आलों. पण हें खरें आहे काय? रसिकांस हा प्रश्न रुक्ष वाटेल. तरुण वाचक मात्र तो विचारतोच.

विषशास्त्र निराळेंच विचारतें: किती, किती अंतरानें, आणि कोणत्या उष्णतेंत? ‘एक्स्टसी’ म्हणून हल्लीं प्रसिद्ध असलेलें एमडीएमए घ्या. १९९८ सालीं मालबर्ग व सायडेन यांनीं तें उंदरांना देऊन पाहिलें. खोली थंड असतां मेंदूंतील सेरोटोनिन टिकलें. चार-सहा अंशांनीं खोली उबदार होतांच अंग तापलें व सेरोटोनिन घटलें. मात्रा तीच, परिणाम मात्र वेगळा! कोंदट नृत्यगृहांत रात्रभर नाचत पुनःपुन्हा घेतलेली गोळी अधिक घातक कां, हें यावरून उमगतें. अर्थात् थंड खोलीच्या भरंवशावर कोणी निर्धास्त होऊं नये. अंगांतील उष्णता अनावर होऊन माणसें मेलेलीं आहेत.

अतिशयोक्तीचा मोह शास्त्रालाहि सुटत नाहीं. एका रात्रींतील नेहमींच्या मात्रांनींच माकडांच्या डोपामिन-पेशींना इजा होते, असा निबंध २००२ सालीं ‘सायन्स’ मध्यें आला. पुढच्याच वर्षीं तो मागें घ्यावा लागला, कारण कुपीवरील चिठ्ठी चुकली होती. आंत मेथॅम्फेटामीन होतें. मग खऱ्या इशाऱ्यावर तरी तरुणांनीं विश्वास कां ठेवावा? पहिल्या प्याल्यानंतर सुखरूप राहिलेला मुलगा गडकऱ्यांनाहि असेंच खोटें ठरवतो.

जव्हारकडे, दाभोशाच्या बाजूस, वारल्यांच्या लग्नांत दारू हा विधीचाच भाग असतो. तेथें पहिला प्याला सुधाकराच्या मानभंगांतून येत नाहीं. गडकऱ्यांचा मद्यपी वकिलाच्या घरांतला आहे, ही त्यांच्या सिद्धान्ताची मर्यादा मला नेहमीं जाणवते.

तथापि नाटक नांवाहून मोठें आहे. रामलालापुढें सुधाकर व्यसनाच्या अवस्था उलगडून सांगतो, तेथें मद्याची सत्ता एका घोटाची राहत नाहीं, ती पुनरावृत्तीची होते. तो दारू सोडतो, नोकरीसाठीं दारोदार हिंडतो, अपमान गिळतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा दुसरा पहिला प्याला मला पहिल्याहून भयंकर वाटतो. आणि तळीराम? तो मरणाला टेकला असतां डॉक्टर व वैद्य परस्परांशीं भांडत बसतात. प्रेक्षक तेथें हंसतात; मलाहि तरुणपणीं हंसूं आलें होतें.