पिटमध्ये कोण उभं आहे?

चाकणच्या मंडळींपुढे गाडीच्या ‘खरेपणा’वर बोलायचं म्हणजे धाडसच. तुमच्यातले काही जण फर्स्ट शिफ्ट संपवून थेट इथे आलेत. तरी आम्ही ‘एफ वन २०१०’ हा गेम मुद्दाम निवडला. तो कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा. २०१० च्या एप्रिलमध्ये रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने त्या कंपनीतला निम्मा हिस्सा घेतला आणि सप्टेंबरात गेम बाजारात आला.

त्यातला पाऊस आम्हाला आजही पटतो. पाणी सगळीकडे सारखं राहत नाही. गाड्या जिथून धावतात तेवढा पट्टा आधी सुकतो. त्याच्या बाहेर चाक गेलं की गाडी हातातून सुटलीच. माजी एफ वन ड्रायव्हर अँथनी डेव्हिडसन सल्लागार होता, ते जाणवतं. २०११ मध्ये खेळ विभागातला बाफ्टा मिळाला, तो योग्यच.

पण खेळणारे चिडले ते पिटवर. टायर बदलून झाले तरी बाकीच्या गाड्या निघून जाईपर्यंत आपली गाडी सोडतच नव्हते! पुढे पॅच आला. चूक कुणाच्याही हातून होते, त्याबद्दल आम्ही बोट दाखवत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. दुरुस्तीनंतरही मेकॅनिक म्हणजे घड्याळातले काही सेकंदच राहिले. त्यांना नाव नाही, आणि आपल्याला त्यांच्या जागी उभं राहता येत नाही.

पुढचं उदाहरण आपल्या देशातलं. ‘एफ वन २०११’ मध्ये ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट होतं. गेम सप्टेंबरात आला, पहिली शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे तिथे एकही एफ वन गाडी धावण्याआधी आपली पोरं घरात बसून लॅप मारत होती. २०१३ नंतर शर्यत बंद झाली, आणि ‘एफ वन २०१४’ मधून सर्किटही गेलं. डांबर जागेवरच होतं; कॅलेंडर बदललं होतं.

तेव्हा ‘रिअलिस्टिक’ हा शब्द आम्ही जपून वापरू. या गेमनी टायर आणि पाणी मनापासून मोजलं, माणसं मोजली नाहीत. त्या ग्रिडवर मर्सिडीज आहे. मर्सिडीजच्या गाड्या चाकणलाही जोडल्या जातात. नट किती टॉर्कला बसतो हे ज्या हातांना कळतं, ते हात या ‘खरेपणा’त कुठे आहेत? तुमच्यातली कोडिंग शिकणारी मुलं याचं उत्तर देऊ शकतील. आम्ही इथे थांबतो.