‘चुंबकच राहतो’ म्हणजे किती वेळ?

चुंबकाचे कितीही लहान तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा चुंबकच राहतो, हे वाक्य शालेय पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ध्रुवांपुरते ते बरोबर आहे; तुकडे करून एकटा उत्तर ध्रुव हाती लागत नाही. आमची हरकत आहे ती ‘राहतो’ या क्रियापदाला.

मॅग्नेटाइट हे आपल्या परिचयाचे फेराइट घेऊ. त्याच्या मोठ्या तुकड्यात निरनिराळ्या दिशांना चुंबकित झालेले अनेक भाग, म्हणजे डोमेन, असतात. कण बारीक करत गेल्यास सुमारे ८० नॅनोमीटरपाशी एका कणात एकच डोमेन उरते. डोमेनची भिंत सरकवून चुंबकन उलटवण्याची सोपी वाट तेथे बंद होते, आणि कण आपली दिशा अधिक हट्टाने धरून ठेवतो.

मग हा हट्ट ढासळतो. दिशा उलटण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जा कणाच्या घनफळाबरोबर घटते. उष्णतेचे धक्के मात्र तेवढेच राहतात. लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे घनफळ घातांकात आहे. त्याचा परिणाम पाहा. गोलाकार मॅग्नेटाइट कण खोलीच्या तापमानाला आपली दिशा किती वेळ टिकवील, याचा ढोबळ हिशेब असा येतो: ३० नॅनोमीटरचा कण शंभरेक वर्षे, २५ चा सुमारे एक मिनिट, आणि २० चा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! हा शेवटचा कण प्रत्येक क्षणी चुंबक आहेच. पण आपले उपकरण पाहीपर्यंत तो अनेकदा उलटलेला असतो, आणि सरासरी शून्य भरते. यालाच अतिसमचुंबकीय अवस्था म्हणतात.

‘आकार घटला की चुंबकत्व घटते’ हे नॅनो-विषयक लेखांतले लाडके वाक्यही असेच फसवे आहे. कोणते चुंबकत्व? चुंबकन पुसून टाकण्यास लागणारे विरुद्ध क्षेत्र, म्हणजे निग्राहिता, आधी वाढते आणि मग शून्याकडे जाते. संपृक्त चुंबकन घटते ते वेगळ्याच कारणाने: पृष्ठभागावरील अणूंना एका बाजूस शेजारीच नसतात, त्यामुळे त्यांची चुंबकी दिशा कलते. १० नॅनोमीटर व्यासाच्या गोलाचा बाहेरचा १ नॅनोमीटरचा थर जवळजवळ निम्मे घनफळ व्यापतो. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) दोन कारणे एका वाक्यात कोंबली की दोन्ही हरवतात.

दोष केवळ पाठ्यपुस्तकांचा नाही. आम्ही संशोधक मंडळीही क्ष-किरणांच्या आलेखातील रेषेच्या रुंदीवरून ‘सरासरी आकार २५ नॅनोमीटर’ असे लिहून मोकळे होतो. त्या नमुन्यात २० चे कणही असतात आणि ३० चेही. वरचा हिशेब पाहता, अशी सरासरी नेमक्या कोणत्या कणाविषयी बोलते?